एकोणीस

एकोणनव्वद साली शांतवन गेले
तेव्हा रमजानचाचांनी सुचवलं,
बाई, एकाच दगडावर दोन नावं घ्या, स्वस्त पडेल.
मी पन्नाशीची, साखरेनं पोखरलेली,
ससूनमध्ये रात्रपाळ्या करून करून
स्वतःचाही चार्ट वाचता येणारी.
म्हटलं, घ्या.
त्यांनी कोरलं : मार्था शांतवन भांबळ, १९३९,
मग आडवी रेघ,
मग १९
आणि पुढे दोन बोटं जागा.
शतक तर हेच, म्हणाले.
माझंही मत तेच होतं.

ती दोन बोटं अजून कोरी आहेत.
दर ईस्टरला पहाटे साडेचारला
रास्ता पेठेतून रिक्षा करून मी जाते
सोलापूर रस्त्याच्या कबरस्तानात.
पिशवीत काथ्या, पाण्याची बाटली, मेणबत्त्या.
आधी त्यांचं नाव घासते,
मग माझं.
माझ्यावर शेवाळ जास्त धरतं.

मी माणसं मरताना पाहिली आहेत.
शेवटचा श्वास काही मोठा नसतो,
आधीच्यासारखाच असतो,
फक्त आपण पुढच्याची वाट बघत उभे राहतो.
मग डोळे मिटवायचे, हनुवटी बांधायची,
अंगठ्याला चिठ्ठी,
आणि घड्याळात बघून वेळ लिहायची.
त्या रकान्यात मी कधी अनंतकाळ लिहिलं नाही.
तिथे तास-मिनिटं लागतात.

आमचे नवे पाळक तरुण आहेत, खडकीहून स्कूटरवर येतात.
त्यांना विचारलं,
शांतवन चोपन्नचे गेले, मी शहाऐंशीची येणार,
ओळखतील का?
की म्हणतील, कुणाची आई आली बघा?
ते म्हणाले, तिथे देह गौरवी असेल.
असेल.
पण हा डावा गुडघा त्यांनी पाहिलेलाच नाही,
तो त्यांच्यानंतरचा.
छत्तीस वर्षं त्यांच्यावाचून जी बाई तयार झाली,
एकटीनं गॅसचा नंबर लावणारी, रात्री रेडिओशी भांडणारी,
ती कुठे ठेवायची?
पाळकांनी चहा संपवला. चांगला मुलगा आहे.

मला धीर येतो तो एवढ्यावरून :
कबरेतून उठलेला माणूस
आधी कुणाला उपदेश करायला गेला नाही.
तळ्याकाठी निखारे फुलवून मासळी भाजत बसला
आणि रात्रभर रिकामी जाळी ओढलेल्यांना
जेवायला बोलावलं.
मेल्यावरही ज्याला दुसऱ्याची भूक आठवली
त्याच्यावर मी विसंबेन.
बाकीचं मला नीट कळत नाही.
शांतवन शिवाजी मार्केटातून सुरमई आणायचे,
तासभर घासाघीस करून,
आणि घरी येऊन म्हणायचे, फसवलंच त्यानं.

यंदा चाचांचा नातू तौफीक
दगडापाशी उकिडवा बसला.
आजी, एकोणीस बुजवू? वर वीस कोरतो.
राळ आणि दगडाची पूड, डाग दिसणार नाही.
दिसेल.
थोडा दिसेल, म्हणाला.
मग छिन्नी पुसत, खाली बघत,
आमच्यातही उठायचं असतंच, आजी.
सगळ्यांनी, एकाच दिवशी.
गर्दी होईल रे.
होईल की.

पलीकडे मंडळी गायला लागली,
निम्मी पुढे, निम्मी मागे.
लष्कराच्या भिंतीमागे उजाडत होतं
आणि हडपसरकडे जाणारी पहिली बस हॉर्न देत गेली.
मी बोट फिरवलं : एक. नऊ.
नऊच्या पोटात रात्रीचं गार पाणी होतं.

राहू दे, म्हटलं.
मरणाचा हिशेब एकदा चुकला होता
हे येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं.
पुढचं तू काय ते बघ,
मी काही सांगायला येणार नाही.
लगेच तरी नाही.

त्यानं पैसे घेतले नाहीत.
मी मेणबत्ती फुंकून विझवली,
गार होऊ दिली, कागदात गुंडाळली.
अर्धी उरलीय.
पुढच्या वर्षाला पुरेल.