कडू तेवढं कळतं

तंबाखू मळावी तशी मळायची हॉपची बोंडं,
चुना नाही एवढंच.
मग ओंजळीत नाक खुपसायचं
आणि फॉर्मवर लिहायचं: एक ते पाच.

मॉक्सी गावात सप्टेंबर म्हणजे रात्रंदिवस भट्ट्या.
अठरा फुटांच्या तारांवरून वेल उतरतात,
ट्रकमागून ट्रक,
रस्त्यावरच्या कुत्र्यालाही शिंका येतात.

पहिली कॅस्केड.
पपनसाची साल, लांबून. जरासा गुलाबाचा देठ.
सरळमार्गी. तीन.
सिट्रा आली की खोलीत इतर कुणाला बोलू देत नाही.
फॉर्मवर 'आंबा' छापलंय;
पण आंबा नव्हे हो, देठ मोडल्यावर उडतो तो चीक,
ओठाला लागला तर उतणारा.
त्याला रकाना नाही. मी 'आंबा'वर खूण करते.
चिनूक: देवदाराची फळी, रंध्याखालून नुकती निघालेली,
वर मिरी.
समिट उशिरा तोडलेली,
शेजारी कुणी लसणाची फोडणी द्यावी तशी. एक.
फगल शेवटी, इंग्लंडहून आलेलं खोड,
ओल्या गोणपाटासारखी मंद,
तिला गुण द्यायला दोनदा परत जावं लागतं.

आर्मंड देमारे समोर बसतो. चौथी पिढी, ऐंशी एकर.
दोन हिवाळ्यांपूर्वी तापात त्याला वास कळेनासा झाला,
तो झालाच.
तरी मळतो. मूठ नाकाशी नाही,
कानाशी नेतो.
"साडेनऊ टक्के ओल," म्हणतो.
यंत्र म्हणतं नऊ पूर्णांक चार.
यंत्राकडे तो बघतही नाही.

मग जिभेला बोट लावतो.
"कडू तेवढं कळतं.
बाकी सगळ्या बहिणी एका आवाजाच्या.
तू सांग, सिट्रा यंदा कशी आहे?"

इंग्रजीत चीक कसा सांगू?
म्हटलं, समज, दुसऱ्याच्या झाडाला हिरवं फळ आहे,
अजून कुणी मोजलेलं नाही,
आणि ते तू आत्ताच तोडलंयस.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पाच लिही."

घरी तीनदा हात धुतले, एकदा मिठाने.
कणीक मळली.
पहिला घास मोडून श्रीरंग थांबला,
पोळी उलटून बघितली.
"आज चिनूक का?"

चिनूकच होती.