एकच जोड

मी एकच जोड आणला होता.
गडद निळे बारा सदरे, बारा चड्ड्या
आणि तेरावा सदरा बिननंबरी,
कुणाचं नाक फुटलं तर बदलायला.
मिल्क रिव्हर कॉलेजला, सोळाव्या मानांकनाला,
दुसरा जोड लागत नसतो.
स्पोकॅनच्या मोटेलचं बिल सकाळीच चुकतं केलेलं.
ओर्व्हिलने बसमध्ये थर्मास भरून ठेवला होता, वर म्हणाला,
"लवकर आटपलं तर बर्फाच्या आधी घाट चढू."

समोरची पोरं बोगद्यातून वाकून बाहेर आली.
त्यांच्या बुटांसाठी एक माणूस होता,
बाटल्यांसाठी दुसरा,
आणि बाटल्यांवर एकेकाचं नाव छापलेलं.
आमच्या बाटल्यांना मी चिकटपट्टी लावते.
नाव लिहिते, शाई ओघळते,
अर्ध्या खेळापर्यंत सगळे सारखेच.

बारा गुणांनी मागे, मग नऊ, मग पुन्हा बारा.
कोल्टन व्होल्ड, उन्हाळाभर धान्याच्या कोठारावर राबणारा,
त्यांच्या सात फुटी सेंटरला पाठ लावून उभा राहिला
अडसरासारखा.
बाकी काही केलं नाही त्याने. नुसता उभा राहिला.
आणि जारेट अझूर, पाच फूट नऊ इंच,
चेंडू असा सपाट फेकतो की प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावावा.
तो शिकला माळावरच्या गंजक्या रिंगवर,
जिथे उंच गेलेला चेंडू वारा घेऊन जातो.
इथे, छपराखाली, वारा नसतो
हे त्याला कुणालाच पटवता आलेलं नाही.
सपाट. आत.
सपाट. आत.
पुढच्या सामन्यासाठी जागा धरून बसलेली माणसं
पॉपकॉर्न चघळता चघळता आमची झाली.
एका बाईने तर शेजाऱ्याला विचारलं,
"हे मिल्क रिव्हर आहे तरी कुठे?"
आणि उत्तराची वाट न पाहता उभी राहून ओरडायला लागली.

शेवटचे चार सेकंद. एक गुण कमी.

मी पाहिलं नाही.
अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आले, पाहिलं म्हणून,
दर खेपेला चेंडू रिंगवर एक फेरी जास्त मारतो.
खरं म्हणजे मी टॉवेल मोजत होते.
हरलेली माणसं टॉवेल विसरून जातात.
सतरा म्हणेपर्यंत एकदम शांतता,
आणि अठराव्याला बाक हलला, छत हललं,
कुणीतरी माझ्या अंगावर पडलं,
मोजणी राहिली ती राहिलीच.

नंतर मागच्या दाराशी त्यांचा तो बुटांचा माणूस भेटला.
पेटी उघडी होती. आत पांढरे जोड,
सहा सामन्यांना पुरतील इतके,
पाच जोडांची घडीही मोडलेली नव्हती.
त्याने कुलूप लावलं, उघडलं, परत लावलं.
मला म्हणाला, "अभिनंदन, बाई."
आमच्या अख्ख्या कॉलेजात
मला कुणी इतक्या अदबीने बोललेलं नाही.

रात्री एक वाजता, पेट्रोल पंपाशेजारच्या लॉन्ड्रीत
मी, ओर्व्हिल आणि जारेट, ज्याला झोप येत नव्हती.
थर्मासमधली कॉफी कोमट झालेली, तरी प्यायलो.
यंत्राच्या काचेला अकरा नंबर टेकायचा,
दिसायचा, बुडायचा.
वाळवणीला एक नाणं कमी पडलं.
जारेटने डावा बूट काढला,
टाचेखालून पंचवीस सेंटचं झिजकं नाणं बाहेर काढलं.
सातवीपासून ते तिथे असायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत.
मी नको म्हटलं. तो म्हणाला, "काम झालं त्याचं,"
आणि खाचेत सरकवून मोकळा झाला.

परवा आम्ही एकतीस गुणांनी हरलो.
त्या नाण्याचं मी अजून कुणाजवळ काढलेलं नाही.
कपडे मात्र कोरडे होते.
कोल्टनचा सदरा काखेत थोडा आटला होता, इतकंच.