जपानचा दगड

सेलूच्या मोंढ्यामागं, दुधनेच्या अंगाला
पडीक काळीत दोन दगड होते.
अलीकडचा सटवाजीचा.
पलीकडचा जपानचा.

सटवाजी मोंढ्यात मापारी.
ज्वारीच्या राशीपुढं उकिडवा बसून
पायली भरायचा, ओतायचा,
एक कधी म्हणायचा नाही,
लाभ, दोन, तीन, चार.
आणि शेवटच्या मापावर
एक ओंजळ वरून, घेणाऱ्याची.
अडत्या डोळे वटारेपर्यंत
ह्याची ओंजळ पडलेली असायची.

वाजिद अली मास्तर शाळेत ड्रिल घ्यायचे.
त्यांनी बघितलं तेव्हा तो गाडीवर पोतं फेकत होता,
कडब्याची पेंडी फेकावी तसं.
म्हणाले, "थाळी फेकेगा?"
त्याची माय चुलीपुढून उठून आली:
"थाळी फेकतेत व्हय? अन्नाची?"

बाभळीचं लाकूड, कडेला गाडीच्या चाकाची धाव,
मधी शिसं.
दोन शेर सव्वादोन छटाक पाहिजे होती.
मोंढ्याच्या तराजूत तोलली,
चिमूटभर कमी भरली.
मास्तर म्हणाले, चालेल.
सटवाजी म्हणाला, चालेल कसं?
पुन्हा लोहाराकडं.

खळं सारवलं, मेढ उपटली.
मेढीच्या जागी तो उभा राहायचा
आणि बैल फिरतो तसा नाही,
पाखडणारीच्या हातात सूप वळतं
तसा वळायचा, दीडदा.
थाळी सुटताना आवाज नसायचा.
मग लांब, काळीत, धप्प.
मी नऊ वर्षांचा. उकरून आणायचं काम माझं.
एका खेपेला मूठभर शेंगा.

मग तो गेला.
मनमाडपर्यंत रेल्वे, पुढं मुंबई, पुढं बोट.
जिथं खेळ होते त्या गावाचं नाव
परत आल्यावर त्यानं दर वेळी वेगळं सांगितलं.

आला तेव्हा नवे बूट हातात होते.
मोंढा गोळा झाला.
"कितवा आलास?"
"सहावा."
"होते किती?"
"सहा."
कुणी हसलं नाही असं काही म्हणता येणार नाही.

"पहिली रेघेबाहेर गेली.
दुसरीला पाय सरकला,
सारवलेलं नव्हतं ना तिथं, सगळी राख.
तिसरी पडली."
"कुठवर?"
तो खळ्यात गेला. पावलं टाकू लागला, मोठ्यानं,
लाभ, दोन, तीन…
एक्केचाळीसला थांबला, दगड ठेवला.
माणसं पांगायला लागली
तर हा पुढं चाललेलाच,
बेचाळीस, त्रेचाळीस,
दुसरा दगड खांद्यावर.
छप्पन्न.
"आन् हितं जपान.
बारीक गडी होता.
माझी थाळी त्यानंच आणून दिली,
दोन्ही हातांनी."

तेव्हापासून गावात जपान.
"शेळी कुठंय?" "जपानपाशी."
"पळ, जपानला शिवून ये."
लढाईच्या शेवटी पेपरात काहीबाही आलं,
जपानवर काय पडलं, किती माणसं गेली.
त्या दिवशी सटवाजीनं दुपारनंतर माप धरलं नाही.
दगडापाशी बसून राहिला दिवेलागणीपर्यंत.
मी पाणी नेलं. त्यानं प्यालं नाही,
दगडावर ओतलं थोडं.

परवा तिथं प्लॉट पडले.
मोजणीदारानं टेपचं एक टोक मला धरायला दिलं,
खळ्याच्या खुणेवर.
मास्तरांची वही माझ्याकडं होती, उर्दूत,
निजामाच्या शाळेतलं तेवढंच मला उरलंय.
दोन्ही आकडे तिच्यात होते.
म्हणलं, एवढं बघा साहेब.

सटवाजीचा दगड बरोबर. बोटभर इकडंतिकडं.
जपानचा
सहा हात जास्त.

"म्हाताऱ्याचं चुकलं की ओ," मोजणीदार म्हणाला.

मी म्हणालो, मापारी होता तो.