पस्तीस

हिद्दच्या प्लांटवर बारा तास
मी समुद्रातून मीठ काढतो.
म्हणजे मी नाही, वाफ काढते, पंप काढतात;
मी आकड्यांवर नजर ठेवतो आणि वहीत सही करतो.
रात्री मुहर्रकच्या घरी येऊन
बादलीत गोडं पाणी घेतो
आणि त्यात मीठ घालतो.
तेही विकतचं, दिनार मोजून.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा
ती देवगडच्या ओट्यावर बसल्याबसल्या हसली,
"माशांका जेवाण घालतंस? तुझ्या आज्यान ऐकल्यान तर..."
आजा खवळ्यांच्या रापणीवर होता.
त्याच्या लेखी मासा
टोपलीत पडल्यावर सुरू व्हायचा.

टाकी मागितली होती निहारने.
काच आली, वाळू आली, दगड आले,
मग सहा आठवडे काहीच नाही.
नुसते दगड, दिवा, पाण्याचा आवाज.
बायको म्हणाली, महाशिवरात्र असल्यासारखे काय बसता समोर?
म्हटलं, दगडांत जीव धरतोय.
रोज संध्याकाळी नळीत पाणी, थेंब मोजून,
हिरव्याचं पिवळं कधी होतंय याची वाट.
मग तपकिरी शेवाळ चढलं, सगळ्या वाळूवर, गंजासारखं.
पोरगं रडलं. मेलं ना सगळं?
अजून काही आणलेलंच नाही, तर मरणार काय?

शेवाळ उतरलं त्याच आठवड्यात
दोघांचं विमान होतं.
आठवीपासून शाळा तिकडचीच, हे आधीच ठरलेलं.
पहिला मासा मी एकट्याने सोडला.
पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत,
फोन काचेला टेकवलेला.
मासा बाहेर आला
आणि नेमकं तेव्हाच तिकडचं चित्र अडकलं,
निहारचं तोंड अर्धं उघडं.

पाणी उडतं, मीठ राहतं.
आमच्या प्लांटची सगळी विद्या एवढीच.
घरी तिचाच जाच.
रोज तांब्याभर गोडं पाणी सावकाश ओतायचं,
डोळ्याला नळी लावून उजेडाकडे बघायचं,
हजारात पस्तीस.
एक दिवस विसरलं की छत्तीस, सदतीस.
बाहेरचा समुद्र पंचेचाळीसला टेकलाय.
खिडकीतून दिसतो,
पण टाकीत चालत नाही.

ऑगस्टात चिलर बंद पडला.
मी शिफ्टवर, किल्ली घरमालकांकडे.
खलीलसाहेबांनी फोनवर विचारलं, किती झालंय?
म्हटलं, एकतीस तरी असेल.
ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले,
बाहेर चौतीस आहे. तिथलं प्रवाळ कोणाला फोन करतं?
पण गेले.
मासळीबाजारातून बर्फाची गोणी आणली,
हामूरच्या वासाची,
छोट्या पिशव्या बांधून पाण्यावर सोडल्या.
मेलेल्या माशांसाठीचा बर्फ.

मी पोचलो तेव्हा ते काचेसमोर खुर्चीत होते,
कंदुऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
म्हणाले, माझा बाप मोत्यांसाठी बुडी मारायचा.
तळाला गोड्या पाण्याचे झरे लागायचे,
मशक भरून वर आणायचा.
खाली काय दिसतं, ते कधी बोलला नाही.
फक्त, कान दुखतात.
मग बराच वेळ बोलले नाहीत.
आता दर शुक्रवारी येतात, त्याच खुर्चीत बसतात.

हिरवं प्रवाळ पांढरं पडलं.
सात बोंडांतली पाच.
उरलेली दोन दुपारी दिवा लागला की फुगतात,
बाकीच्यांच्या सांगाड्याला धरून.
जोकर मासे वाचले, दोन्ही.
कोळंबीही.
हात बुडवला की ती येते
आणि माझ्या नखांतला मळ वेचून खाते.
आईला तिच्याबद्दल अजून सांगितलेलं नाही.

निहारला मात्र सांगितलं, पाच गेली म्हणून.
त्याला आता मिसरूड फुटतंय, आवाज चिरकतो.
हं, म्हणाला.
मागे कोणाच्या तरी क्रिकेटचा गलका.
मग जरा वेळाने,
आज पाणी घातलंत का, बाबा?

घालतोय, म्हटलं.
तांब्या हातातच होता.