गाठी न सोडलेलं सूत

आंधळगावात नजरेवर पोट चालतं.
बाबाच्या काठावर करवतीचे दात असे उभे राहायचे
की बोट फिरवायची भीती वाटावी.
परसराम कोष्ट्याचा काठ म्हणजे विहिरीची कड.
इथवर जमीन. पुढं नाही.

आणि माय आली प्राणहितेपलीकडून,
अंगावर एक सुती लुगडं,
ज्यातल्या पोपटांना कडच नव्हती.

लाल कुठं संपतं, पांढरं कुठं लागतं,
कोणाला सांगता येईना.
आजीनं पदर उन्हात धरला, उलटा केला,
उलटीकडूनही पोपट तसाच.
"तुमच्या इकडं रंगाले थांबता येत नाही का वो?"
मग नाकाजवळ नेला.
"अन् हे तेलाचा वास येऊन राह्यला."

एरंडेलच होतं ते. सुताला पाजलेलं, राखेच्या पाण्यासोबत,
म्हणजे लाल रंग धरून बसतो.
पण हे सांगायला तिच्याकडं मराठी कुठं होती?
मीठ, पाणी, झोप, एवढीच.
राशनकार्डावर पोसव्वाची पुष्पा झाली
तेही तिला सहा महिन्यांनी कळलं.

चौथ्या ओळीत एक पोपट मागं पाहतो.
मोजणी चुकली, म्हणायची,
आणि हसायची तोंडावर पदर घेऊन,
त्याच पदरात.

मी सात वर्षांची. दुपारी बाबाचा धोटा थांबला
की ती अंगणात दोन खुंट्या ठोकायची,
सूत ताणायची, दुसऱ्या टोकाला मला बसवायची.
बंडू पंक्चरवाल्याकडून आणलेली जुनी ट्यूब,
तिच्या चिंध्या कापलेल्या, गव्हाच्या काडीएवढ्या.
गाठ. सोडून दे चार. गाठ.
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू,
मोजायची ती तिकडच्याच भाषेत.
"माय, हे काय होईल?"
"आधी सूत शिकते," म्हणायची. "मग कापड."

बाबा खड्ड्यातून मान वर करून पाहायचा.
एकदा म्हणाला, आपल्या गिऱ्हाइकाले रेघ लागते.
ती म्हणाली, हो.
आणि बांधत राहिली.

अजूनही मी काहीही बांधताना तेलुगूत मोजते.
मेथीच्या जुड्या, मुलीच्या वेण्या,
सरकारी शाळेत खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांची तोंडं.
एरवी मला ती भाषा येत नाही.

माग विकला. खड्डा बुजवला, वर फरशी,
फरशीवर फ्रीज. पावसाळ्यात तेवढीच फरशी
जरा दबते, फ्रीज उत्तरेला कलतो,
दार आपोआप उघडतं.

मागच्या दिवाळीत भंडाऱ्याच्या दुकानात
सहाशेला तेच लुगडं. लाल, पांढरं, पोपट.
कडा विस्कटलेल्या, विस्कटलेल्याच छापलेल्या.
सगळे पोपट पुढं पाहत होते.
घेतलं मी एक. वाईट नाही.
धुवायला सोपं.

मायच्या तेराव्यानंतर वरच्या फळीवरून
पिठाचा डबा काढला. पीठ नव्हतं.
सुताची लडी होती, लाल, तेलकट,
सगळ्या गाठी जशाच्या तशा.
रंगवलेलं, वाळवलेलं, न सोडलेलं.
ट्यूब कडक झालेली, वाळल्या वांगीच्या देठासारखी.

वहिनी म्हणाली, कात्री आणू?
नको म्हटलं.

नखानं एक गाठ उकलली.
आत पांढरं.
इतकं पांढरं की त्याला
आमच्या घरातली तीस वर्षं लागलीच नव्हती.

काय होणार होतं याचं? पोपट, हत्ती, नुसत्या चौकड्या?
कोणता धागा पहिला, कोणता त्याच्या शेजारी,
हे तिच्या बोटांनाच माहीत.
लडी गुडघ्याला अडकवली
आणि मोजू लागले, खालच्या टोकाकडून,
ओकटी, रेंडू, मूडू,
गाठ, चार सोडून, गाठ,

विसाच्या पुढचे आकडे
मला तिनं शिकवले नव्हते,
की मीच तोवर खेळायला पळायची,
आठवत नाही.

फ्रीजचं दार उघडलं होतं.
वहिनीनं लोटलं. मी पुन्हा एकपासून.