परतीचा हात

हुसेनबाशांचं दुकान बोळाच्या तोंडाशी,
निम्मं ढोलक्या मढवायचं, निम्मं असंच काहीबाही.
त्यांनी काउंटर फडक्यानं पुसला
आणि माझ्यापुढं सहा खुळखुळे मांडले.

दोन प्लॅस्टिकची अंडी, एक पिवळं, एक जांभळं,
आवाज ताटात साबुदाणा सांडल्यासारखा.
एक पत्र्याचा नळा. उचलायच्या आधीच ओरडला.
एक करवंटीचा, मुठीत मावेना.
मग माराकसची रंगवलेली जोडी;
त्यातल्या एकाच्या पोटात डिंक ओला राहिलेला,
सगळे दाणे एकाच कुशीला चिकटून झोपलेले.

मी हलवायला लागलो तसे ते म्हणाले,
"घाई कशाची ओ? नुसता तिरका करून बघा.
दाणे चालतात कसे ते ऐका आधी.
चालता येईना त्याला पळवून काय उपयोग?"

मधेमधे पंखा घरघरत होता.
त्यांनी उठून तो बंद केला.
एप्रिल. वर पत्रे.
माझ्या हनुवटीवरून घाम काउंटरवर पडला
तो थेंबसुद्धा मला ऐकू आला.

शेवटी त्यांनी फळीमागून काढला भोपळा,
वाळलेला, लहान मानेचा, तेल पिऊन काळसर झालेला.
तिरका केला.
दाणे उठले आणि हळूहळू पलीकडे गेले,
पाळी सुटल्यावर बायका फाटकाबाहेर पडतात तसे,
एकदम नाही, बोलत बोलत.
"आत काय आहे?"
"फुटल्याशिवाय कळायचं नाही," म्हणाले,
"एकशे साठ द्या. पन्नास पुढच्या महिन्यात दिले तरी चालतील."

आमच्या बँजो पार्टीत मला नाव नाही.
तो खुळखुळ्यावाला, म्हणतात.
मी असलो तर कुणाला कळत नाही,
मी पाणी प्यायला गेलो की मात्र
बुलबुलवाला मागं वळून बघतो,
जेवताना मीठ शोधावं तसा.

या कामातली खरी गोष्ट थांबण्याची आहे.
मनगट थांबतं, दाणे थांबत नाहीत,
ते उरलेल्या ओढीनं जाऊन भिंतीवर आपटतात.
आवाज येतो तो हाताच्या नंतर.
म्हणून हात जरा आधी न्यावा लागतो,
जरा आधी, आणि विश्वासानं.

नान्नांनी एकतीस वर्षं माग चालवला.
कानातून आधी बारीक आवाज गेले:
आईच्या बांगड्या, चिमण्या, कुकरची शिट्टी,
मग शब्दांतले श आणि स.
माझं नाव शेषगिरी.
त्यांना फक्त गिरी ऐकू येतं.

भोपळा त्यांच्या कानाशी नेऊन वाजवला.
त्यांनी मान हलवली,
ओळखीचं कुणी नाही, अशी.
दुसऱ्या कानाशी नेला. तेच.
आईची पानं कापायची कात्री थांबली.

मग काय सुचलं कुणास ठाऊक,
भोपळा त्यांच्या तळव्यात दिला
आणि वरून माझा हात धरून वाजवू लागलो.
पुढं, मागं. पुढं, मागं.
त्यांनी डोळे मिटले.
मला वाटलं आता हसतील.

"जाताना बरोबर," ते म्हणाले. "येताना उशीर.
धोटा असा आला तर सूत तुटतंय."

चार वर्षं वाजवतोय. हळदी, वराती,
एकदा तर जिल्ह्याच्या स्पर्धेत.
कुणी सांगितलं नव्हतं.

"मळ्ळी," म्हणाले. पुन्हा.
मी पुन्हा वाजवलं.
"मळ्ळी."
त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर येऊन बसला होता,
परतताना किंचित ढकलत,
आणि बाहेर, यमुलांच्या शेडमध्ये,
रात्रपाळीचे चार माग सुरू झाले
ते त्यांना ऐकू आले की जमिनीतून कळले,
विचारलं नाही मी.
त्यांचा अंगठा त्या चालीत गेला.
माझा हात मागून.