सात पेनं

आयाकुचोहून पाच तास.
पुढचा रस्ता खेचराला विचारून जातो.

सातुर्निना वामान बटाटे सोलत बसली आहे.
समोर सर्वेक्षणाची बाई, मांडीवर फॉर्म,
आणि मध्ये मी,
दोन भाषांच्या उंबऱ्यावर, रोजंदारीने.

"गेल्या दोन आठवड्यांत
किती वेळा उदास वाटलं? शून्य ते चार."
मी केचुआत विचारते.
सातुर्निनाची सुरी थांबत नाही.
"उदास म्हणजे कुठे?
गुडघ्यात? मानेमागे?
की कडी लावूनही
दाराकडे तोंड करून निजते, त्या कुशीत?"

मी जराशी गप्प. मग म्हणते, "तीन."
बाई तीनला गोल करते.
तो तीन माझा होता.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

एकोणिसावा प्रश्न येईतो सालांचा ढीग झालाय.
पावलिनो, तिचा भाऊ, शिपायांनी नेलेला,
कुठल्याच यादीत नाही,
हे ती न विचारता सांगते.
फॉर्मवर त्याला जागा नाही.
'इतर' म्हणून एक रेघ आहे, बोटभर.

शेवटी आभार. भेट म्हणून एक पेन,
निळं, विद्यापीठाचं नाव कोरलेलं.
सातुर्निना उठते, फळीवरून
दूधपावडरीचा डबा काढते.
आत सहा पेनं.
"हे पाण्याचं विचारणाऱ्यांचं.
हे गर्भाशयाचं. हे रक्त घेऊन गेले त्यांचं.
ही दोन, ते दोघं इथे बसून रडले,
मीच त्यांना सूप पाजलं.
हे कुणाचं, आठवत नाही.
दवाखान्याच्या खिडकीतला पोरगा अजून म्हणतो,
स्पॅनिशमध्ये बोल, नाहीतर हो बाजूला.
डॉक्टर गुरुवारी येतो. मला मंगळवारी दुखतं.
विचार तिला,
माझं सांगितलेलं सगळं तुम्ही कुठे ठेवलंय?"

मी भाषांतर करते. शब्दाला शब्द.
आज पहिल्यांदाच.

बाई चष्मा काढते, पुसते,
पुन्हा पुसते.
बाहेर खेचर खूर आपटतं.
मग ती फॉर्म उलटा करून माझ्यासमोर ठेवते.
मागची बाजू कोरी आहे.

"तुला लिहिता येतं ना?" सातुर्निना मला म्हणते,
आणि डबा पुढे सरकवते.
पहिलं पेन उमटत नाही.
दुसरं कागद नुसता ओरबाडतं.
तिसरं वाळलेलं.
चौथं चालतं.

"कुठल्या भाषेत लिहू?" मी विचारते.

ती माझ्याकडे बघते,
इतका वेळ फॉर्मकडे बघत होती
तशी.